बदकांच्या पायाखाली काय घालावं?

कोकणात परड्यात बदकं पाळणाऱ्याला मे महिन्यात जमिनीची काळजी नसते. माती कडक असते, विष्ठा वाळते, सकाळी खराटा फिरवला की काम झालं. मृगाचा पाऊस लागला की सगळं पालटतं. डझनभर बदकं दोनशे चौरस फुटांच्या कुंपणात असतील तर बघता बघता गवताचं शेवटचं पातं जातं आणि लाल चिखलाचा राडा होतो. बदक भिजलेल्या मातीत चोच खुपसतं, लहानसं भोक पाडतं, भोकात पाणी साचलं की पुन्हा चोच घालून ते मोठं करतं. गांडूळ, अळी, गवताची मुळी, मिळेल ते टिपतं. एकाने पाडलेल्या भोकावर दुसरं येतं. संध्याकाळपर्यंत तिथे खळगा झालेला असतो आणि त्यातलं पाणी विष्ठेने हिरवट-काळं पडलेलं असतं.

या जमिनीवर काय अंथरायचं, यावरून कुडाळ तालुक्यातल्या एका घरात आत्या आणि भाचा यांचा वाद चालू आहे. आत्यांचं वय सत्तरीकडे झुकलेलं. घरामागे माड-पोफळीची बाग, गोठ्यात म्हशी, आणि जांभ्याच्या गडग्याला लागून खाकी कॅम्पबेल बदकांचं कुंपण. भाचा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा पदवीधर, नोकरीनिमित्त रत्नागिरीला असतो, सुट्टीत येतो. आत्यांचं म्हणणं, खाली तूस आणि पातेरा घालावा. तो घाण शोषतो, कुजतो, खत होतो. भाच्याचं म्हणणं, खाली गोटे आणि वाळू असावी; पाणी खाली गेलं पाहिजे, साचायला वावच नको.

"आत्ये, आधी हिशेब बघ," भाचा सांगतो. "एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. आपलं कुंपण दोनशे चौरस फूट, म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. पंचावन्न हजार लिटर पाणी या एवढ्याशा तुकड्यावर पडणार. जुलैत एखाद्या दिवशी शंभर मिलिमीटर कोसळला तर एका दिवसात अठराशे लिटरच्या वर. तुझं तूस त्यातलं किती शोषेल?"

"पावसाचा पाणी तुसान कशाक शोषूचा?" आत्या विचारतात. "त्येका वरच अडवूक होया."

वादाचा अर्धा निकाल या उत्तरात आहे, पण तो दोघांच्याही लगेच ध्यानात येत नाही. भाचा मात्र आपला मुद्दा सोडत नाही, कारण बदकांच्या कुंपणात पाणी नुसतं आभाळातून येत नाही. बदकाच्या विष्ठेत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. शिवाय बदकाला पिण्यासाठी लागतं त्याहून कितीतरी जास्त पाणी खेळायला आणि धुवायला लागतं. डोकं पूर्ण बुडेल इतकं खोल पाणी मिळालं नाही तर नाकपुड्या आणि डोळे घाणीने चिकटतात. भरड खाल्लं की ते लगेच पाण्याकडे धावतं, चोचीतला घास पाण्यात मिसळतो, उरलेलं काठावर सांडतं. त्यामुळे कोंबड्यांसारखं निप्पल लावून पाणी वाचवावं म्हटलं तर ते बदकाच्या अंगाला मानवत नाही. पाणी द्यावंच लागतं, आणि दिलेलं पाणी सांडणारच.

म्हणून भाच्याला खाली दगड हवा. जाड वाळूत पाणी थांबत नाही. विष्ठा वर राहते, उघडीप मिळाली की सुकते आणि दाताळ्याने ओढून घेता येते. वाळूत किडे कमी, बुरशी कमी, वासही कमी. हे सगळं खरं आहे, आणि ज्या प्रदेशात पाऊस बेताचा असतो तिथे वाळूच्या कुंपणासारखी सोय नाही.

आत्यांचा पहिला आक्षेप वाळूच्या जातीवर आहे. "कर्लीच्या खाडीतली वाळू आणशील मा? ती खारट." हा आक्षेप बरोबर आहे. बदकांची पिल्लं मिठाला फार नाजूक असतात, आणि न धुतलेली खाडीची वाळू चोचीने चाळत बसणाऱ्या पिल्लांखाली घालण्यात धोका आहे. दुसरा आक्षेप त्याहून मोठा. नदीच्या पात्रातून वाळू किती उपसायची याला काही मर्यादा आहे की नाही? पात्र खरवडलं की काठ ढासळतात, हे खाडीकाठच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. बदकांच्या पायाखाली घालायला ट्रकभर वाळू मागवणं आत्यांना पटत नाही, आणि या बाबतीत त्यांच्याशी वाद घालणं अवघड आहे. दगड फोडून केलेली क्रश सँड मिळते, पण तिच्यात भुकटी फार असते. ती ओली झाली की सिमेंटसारखी बसते आणि निचरा बंद पडतो. खडीचे कोपरे तर धारदारच.

आणि मग आत्या विहिरीकडे बोट दाखवतात.

"वाळू धुतलंस. धुतलेला पाणी खंय जाताला? बावीतच मा?"

कोकणातल्या कुंपणाचा विचार करताना हा प्रश्न पहिला विचारायला हवा. जांभा सच्छिद्र असतो. त्याच्या पोकळ्यांतून पाणी झरझर खाली उतरतं, म्हणून तर पावसाळ्यात विहिरी काही दिवसांत तुडुंब होतात. पण त्याच वाटेने विष्ठेतलं नत्र आणि जंतूही उतरतात. वाळू-गोट्यांचं कुंपण घाण नाहीशी करत नाही, ती नजरेआड करतं. विहीर कुंपणाच्या खालच्या अंगाला असेल तर ती घाण कळशीतून घरात परत येते. तूस-पातेऱ्याची गादी ही घाण वरच्या वर धरून ठेवते. तिच्यात कर्ब जास्त असतो, विष्ठेत नत्र जास्त. दोन्हींचं प्रमाण तिसास एकच्या आसपास जमलं की जिवाणू कामाला लागतात आणि नत्र निसटून जाण्याऐवजी खतात बांधलं जातं. माडाला दरवर्षी पन्नास किलो शेणखत-कंपोस्ट द्यावं अशी शिफारस आहे. आत्यांच्या बागेतले माड मोजले तर दोन म्हशींच्या शेणात ती पुरी होत नाही.

"माझ्या माडांका काय घालू? गोटे?" त्या विचारतात, आणि भाच्याकडे त्याला उत्तर नाही.

पण गादीच्या बाजूनेही सगळं सुरळीत नाही, आणि तिथे भाचा त्यांना अडवतो. कोंबड्यांच्या शेडमध्ये गादी पद्धत चालते याचं एक साधं कारण आहे: कोंबडी दिवसभर पायांनी उकरते. तुसाचा वरचा थर खाली जातो, खालचा वर येतो, हवा खेळते, विष्ठा मिसळते. मालकाचं निम्मं काम कोंबडीच करते. बदकाला नखं असतात, पण उकरण्याची सवय नसते. त्याचा पाय रुंद, पडद्याचा. ते चालतं तेव्हा खालचं सगळं दाबत जातं. ओली विष्ठा, सांडलेलं पाणी आणि सपाट पाय यांनी आठवड्याभरात गादीचा जाड, चिकट पापुद्रा होतो. वरून ओला, आत हवाबंद.

आत्यांनी हे स्वतःच फार नेमक्या शब्दांत सांगितलेलं आहे, बदकं आणली त्या वर्षीच. "कोंबी उकरता, बदक चेपता."

"मग ही गादी रोज परतणार कोण?" भाचा विचारतो. "तुझे गुडघे?"

हा टोमणा नव्हे, कळकळीचा प्रश्न आहे. बदकांखाली काय घालायचं हे ठरवताना घरात दाताळं धरणारे हात किती आहेत, हे मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. न परतलेल्या गादीत हवा शिरत नाही. मग विष्ठेतल्या युरिक अॅसिडपासून अमोनिया सुटायला लागतो. हवेत अमोनियाचं प्रमाण दहा लाखांत पंचवीस भागांच्या वर गेलं की पक्ष्यांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा होऊ लागते. बदक माणसाच्या गुडघ्याखालच्या उंचीवर, थेट गादीला नाक लावून जगतं. माणसाला उभ्याने जेमतेम वास येतो तेव्हा बदकाचे डोळे चुरचुरायला लागलेले असतात. म्हणून भाचा सांगतो की वास बघायचा तर खाली उकिडवं बसून बघावा.

वास आला की आत्या चुना मारतात. गावोगाव ही पद्धत आहे. भाच्याचा तिला विरोध आहे, आणि रसायनशास्त्र त्याच्या बाजूने आहे. चुन्याने गादी अल्कधर्मी होते. अल्कधर्मी गादीत अमोनिया धरून राहण्याऐवजी जास्तच वेगाने हवेत सुटतो. शिवाय ओल्या गादीवरचा चुना बदकाच्या मऊ तळव्याला झोंबतो. गादी रिकामी करून जमीन निर्जंतुक करायची असेल, बदकं दुसरीकडे असतील आणि चुना पूर्ण सुकू दिला तर गोष्ट वेगळी. चालू गादीत घालायचंच असेल तर थोडं सुपर फॉस्फेट बरं. ते अमोनिया बांधतं आणि माडाला स्फुरदही मिळतं. आत्यांनी हे ऐकून घेतलं. चुन्याची पिशवी मांगरातून अजून हललेली नाही.

आता गादीसाठी नेमकं काय वापरायचं, हा पोटप्रश्न. इथे दोघांचे हात मातीत असल्यामुळे बोलणं जास्त मोलाचं होतं.

पेंढा सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो, कारण तो घरचा असतो. पण पावसाळी हवेत ओलावलेल्या पेंढ्यावर बुरशी फार लवकर चढते. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू श्वासावाटे बदकाच्या फुफ्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत जातात. पक्षी तोंड उघडून धापा टाकतो, खाणं सोडतो, आणि आजार वाढल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. पिल्लं त्याला पहिली बळी पडतात. पेंढ्याला कुबट वास आला, हलवल्यावर धूळ उडाली, तर तो बदकांना नको. म्हशीलाही नको, खरं तर.

तूस चांगलं. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते, त्यामुळे ते चटकन कुजत नाही, भुसभुशीत राहतं, गिरणीवर सहज मिळतं. त्याची खोड एकच: ते हलकं असतं. उघड्यावर घातलं तर पहिल्या मोठ्या सरीबरोबर तरंगत गडग्याच्या फटीतून शेजाऱ्याच्या परड्यात जातं.

पातेरा फुकटचा, पण आंबा-फणसाची पानं जशीच्या तशी घातली की एकावर एक बसतात आणि त्यांच्यामधून पाणी उतरत नाही. ती सुकी असताना चुरून, तुसात मिसळून घालावी लागतात. पातेऱ्याचा जाड ढीग तसाच पडला तर त्यात सापही येऊन राहतो, हा भाच्याचा इशारा कोकणात कुणी हसण्यावारी नेणार नाही.

वखारीतला बारीक भुसा दोघांनाही नापसंत आहे. बदक तो खाऊन बसतं, ओला झाला की त्याचा लगदा होतो, आणि प्लायवुड कापल्याचा भुसा असेल तर त्यात डिंकाची रसायनं. रंध्याच्या जाड ढलप्या चालतात.

सोडणांबद्दल मात्र दोघांचं पटत नाही. आत्यांच्या घरी नारळाच्या सोडणांची रास कायम असते आणि त्या ती खाली उलटी अंथरून वर तूस टाकतात. सोडणांमुळे खालून हवा राहते, हा त्यांचा अनुभव. भाचा म्हणतो, सोडणं ठीक, पण काथ्याचा भुसा पावसाळ्यात नको. हा भुसा आपल्या वजनाच्या सहा ते आठ पट पाणी धरतो. रोपवाटिकेत हाच त्याचा गुण. उघड्या कुंपणात जुलै महिन्यात तो सप्टेंबरपर्यंत न सुकणारा स्पंज होतो. आणि सोडणाचे लांब धागे सुटायला लागले की बदकं ते गिळतात, किंवा बोटांत गुंतवून घेतात. आत्या दर काही दिवसांनी सुटे धागे वेचतात. ज्याला वेचायला वेळ नाही त्याने भाच्याचं ऐकावं.

गादी बरोबर आहे की नाही हे बघायची आत्यांची रीत पुस्तकातही तशीच दिलेली असते. वरचा थर बाजूला सारून त्या आतली मूठभर गादी उचलतात आणि घट्ट दाबतात. मूठ उघडल्यावर गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला, तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त: तूस घाला, परता. पाणी ठिबकलं तर ती काढूनच टाका. मूठ उघडताच सगळं भुरभुर सांडलं तर फार कोरडी, धूळ होणार. हे करताना त्या वासही घेतात. चांगल्या गादीला पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा वास असतो.

बदकाच्या पायाकडे बघायची भाच्याची रीतही तितकीच काळजीची. तो बदक काखेत धरतो, पाय उलटा करतो, अंगठ्याने तळवा पुसतो. निरोगी तळवा मऊ, एकसारखा. तळव्याच्या मध्यावर मसुराएवढी काळी खपली दिसली, भोवती सूज आणि उष्णता लागली, की तो बंबलफूट. बारीक जखमेतून स्टॅफिलोकॉकस जंतू आत शिरतात आणि आत घट्ट पू धरतो. पेकिनसारख्या जड जातीत हे जास्त दिसतं. खाकी कॅम्पबेल हलकी. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये ॲडेल कॅम्पबेल यांनी इंडियन रनरच्या संकरातून ती तयार केली, आणि रनरचा सडपातळपणा तिच्यात उतरला. तरी धारदार खडी, तारेची जाळी आणि तापलेला काँक्रीटचा कोबा तिलाही सोसत नाही.

इथे भाच्याला स्वतःच्या बाजूतली उणीव दिसते. खडीने पाय कापतो हे खरं, पण ओल्या, घाणेरड्या गादीत सतत उभं राहूनही तळव्याची कातडी फुगते, भेगाळते आणि तेच जंतू तिथून शिरतात. दगड चुकीचा घातला तरी बंबलफूट, गादी परतली नाही तरी बंबलफूट. दोघांनाही दोषमुक्त करत नाही असा हा आजार आहे, आणि म्हणूनच आठवड्यातून एकदा पाय उलटून बघण्याला पर्याय नाही.

गवताचं काय, असं कुणीही विचारेल. लहान कुंपणात त्याचं उत्तर थोडक्यात देता येतं: टिकत नाही. हरळी चिवट असते, पण तिलाही तुडवणुकीतून सुटका हवी. जागा दोन-तीन भागांत वाटून बदकं फिरवली तर हिवाळ्यात जमतं; पावसाळ्यात नाही. कुंपणाच्या बाहेरच्या कडेला वाळा किंवा गवती चहा लावला तर मात्र तो धरतो. वाळ्याची मुळं सरळ खाली काही मीटर जातात, वाहून येणारी माती आणि नत्र दोन्ही अडवतात, आणि त्याची खरबरीत पाती बदकांना आवडत नाहीत.

खरं तर ज्या प्रदेशांत बदकं पिढ्यान् पिढ्या पाळली जातात तिथे पायाखाली काय अंथरावं हा प्रश्नच उभा राहिला नाही. २०१९च्या पशुगणनेत देशात तीन कोटींहून अधिक बदकं नोंदली गेली, आणि त्यात पश्चिम बंगाल आणि आसाम आघाडीवर आहेत. तिथलं बदक दिवसभर पुखरीत, तळ्यात, भातखाचरात असतं. घरी येतं ते रात्रीपुरतं. केरळातल्या कुट्टनाडात कापणी झालेल्या खाचरांतून हजारोंचे कळप हाकत नेतात; एक खाचर संपलं की पुढचं, रात्री बांधावर जाळीचा तात्पुरता घेर. जमीन बदलत राहते, म्हणून ती बिघडत नाही. परड्यातल्या कुंपणात बदकाला एका जागी कोंडलं, तेव्हा कुठे हा प्रश्न जन्माला आला.

आत्यांना हे ऐकून आनंद झाला, कारण त्या दिवाळीनंतर तेच करतात. भातं झोडून झाली की बदकं मळ्यात सोडायची, सांडलेलं भात आणि गोगलगायी खायला. संध्याकाळी ती रांगेत परत येतात. मुंगसाची आणि कोल्ह्याची भीती असते, म्हणून कुणीतरी नजर ठेवावी लागते. कुंपणावरचा भार असा पाच-सहा महिने निम्म्याने उतरतो. "मग आपला भांडण पावसापुरताच," त्या म्हणाल्या, आणि चर्चेला पहिल्यांदाच नीट वळण लागलं.

पावसापुरतं भांडण म्हटल्यावर छपराचा मुद्दा पुन्हा वर आला. भाच्याने हिशेब केला होता अठराशे लिटरचा. निम्म्या कुंपणावर पत्रा घातला आणि पत्र्याच्या पाण्याला पन्हळ लावून ते बाहेर काढलं तर त्यातले नऊशे लिटर जमिनीवर येतच नाहीत. छपराखाली गादी जगते, तूस वाहून जात नाही, परतायला जागाही निम्मीच उरते. छपराखाली पंधरा सेंटिमीटर गादी आणि उघड्यावर दगड, हे आत्यांनी मान्य केलं, पण एका अटीवर: दगड फक्त पाण्याच्या जागेभोवती, सगळ्या उघड्या भागात नव्हे. आणि पाणी विहिरीच्या विरुद्ध टोकाला.

पाण्याचा पाट निवाऱ्यापासून शक्य तितका लांब ठेवावा हा सल्ला बदकपालनाच्या पुस्तिकांतूनही असतो: पन्नास सेंटिमीटर रुंद, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल. कारण उघड आहे. बदक पाण्यातून निघून थेट गादीवर आलं तर पाय आणि पिसं गादीतच निथळतात. मधे दहा-बारा फुटांची चाल असली की बरंचसं पाणी वाटेत गळतं.

त्या पाटाभोवतीचा खड्डा कसा भरायचा हे भाच्याने ठरवलं. गुडघाभर खोल, उतार केळींकडे. तळाला मोठे काळे दगड, वर मध्यम गोटे, सगळ्यात वर वाटाणा-सुपारीएवढे नदीचे गुळगुळीत गोटे. घरी जांभ्याच्या कपच्या ढिगाने पडलेल्या असताना काळा दगड विकत कशाला, असं आत्यांना वाटलं. पण जांभ्याची कपची पायाखाली आणि पाण्यात झिजते, तिची लाल माती होते आणि खड्डा एका पावसात बुजतो. माती आणि दगड यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड घालायचं, म्हणजे खालचा चिखल वर चढत नाही. सिमेंटच्या जुन्या गोण्या त्या जागी नकोत. त्यांचे धागे सुटतात आणि बदकं ते गिळतात. खिळे, तारेचे तुकडे, बाटलीची बुचं आधी वेचून घ्यायची. चमकणारी वस्तू बदक चोचीत धरणार, आणि जस्ताचा मुलामा दिलेली तार पोटात गेली तर विषबाधा होते.

खड्ड्याचं पाणी केळींना आणि अळवाला. ते मुरत जाईल तसं त्यातलं नत्र केळी खेचून घेतात. विहिरीपर्यंत पोचणारं कमी होतं.

साचलेल्या पाण्याचा मुद्दा भाच्याने तिथे थोडा ताणला, आणि तो ताणायलाच हवा होता. कुजकं पाणी, मेलेली बेडकी, त्यात वळवळणाऱ्या अळ्या अशा ठिकाणी हवेविना वाढणारा बोट्युलिझमचा जंतू विष तयार करतो. अळ्यांना त्या विषाने काही होत नाही, ते त्यांच्या अंगात साठतं. बदक अळ्या खातं आणि काही तासांत त्याची मान लुळी पडते. सांडलेल्या भरडावर उंदीर येतात, आणि उंदरांच्या मुतातून लेप्टो. कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोची भीती घराघरात असते. बदकांच्या चिखलात अनवाणी उतरणं म्हणजे तीच भीती परड्यात आणणं. आत्या अनवाणीच उतरतात. गमबूट भाच्याने आणून दिले आहेत. या एका गोष्टीत त्यांनी त्याचं ऐकावं.

रात्रीच्या निवाऱ्यात मात्र दोघांमध्ये वाद नाही. कॅम्पबेल बदकं अंडी देतात ती बहुतेक पहाटेपासून सकाळी नऊच्या आत, आणि घरटं दिसेलच असं नाही. जिथे बसली तिथे घालतात. ओल्या गादीवर पडलेलं अंडं घाणीने माखतं, आणि कवचाच्या छिद्रांतून जंतू आत जातात. म्हणून निवाऱ्यात कोरडं तूस आणि कोपऱ्यात स्वच्छ, ताजा पेंढा. तो रोज हाताने बघून बदलायचा. पेंढ्याला या घरात एवढीच जागा मिळाली. नऊनंतर दार उघडायचं, म्हणजे अंडी केळीच्या बुंध्याशी शोधत फिरावं लागत नाही.

राहिला खड्डा साफ करण्याचा प्रश्न. गोट्यांमध्ये वर्षभर गाळ बसतो. दरसाल मेमध्ये वरचा थर काढून, धुऊन, उन्हात वाळवून परत घालावा लागणार. त्याच सुमारास छपराखालची जुनी गादी काढून माडांच्या आळ्यांत टाकायची असते, पाऊस लागायच्या आत. दोन्ही कामं एकाच आठवड्यात येतात. आत्यांनी गादी परतायची जबाबदारी घेतली, एक दिवसाआड, सकाळी बदकं बाहेर असताना. गोटे त्यांनी भाच्यावर सोपवले. "आंबे खाऊक येतंस मा मे महिन्यात? तेव्हाच धुवायचे. आणि धुतलेला पाणी केळींकडे सोड, बावीकडे नको."

भाच्याने होकार दिला आणि पन्हळीचं माप घ्यायला टेप शोधू लागला.